बाद पानं

६ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. साष्टांग घालायच्या मनःस्थितीत मी आज नाही, तेव्हा साध्यावर भागव.

नवोदितांच्या प्रदर्शनासाठी दिलेली माझी सगळी चित्रं परत आली. परत आली म्हणजे पोस्टाने नव्हे, बोलावून हातात दिली. आम्ही सगळे उमेदवार हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभे, आणि परीक्षक बाई टेबलावर एकेकाचं पुडकं उघडून बोलत होत्या. माझं पुडकं उघडलं, पहिलं चित्र उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललंच नाही. म्हणाल्या, "ही तुमच्या काकांची चित्रं आहेत. तुमची कुठे आहेत?"

मला वाटलं, बाईंना मी चोर वाटले. मी म्हटलं, नाही हो, मीच काढलीत, माझ्या हाताने. त्यावर त्या म्हणाल्या, तेच तर म्हणते आहे. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी पुडकं काखोटीला मारलं आणि बाहेर पडले. जिन्यात सुतळी सुटली आणि सगळी चित्रं पायऱ्यांवर पसरली, ती गोळा करताना तर मलाही कळेना की ही तुझी की माझी. तीच छपरं, तेच जिने, त्याच तिरक्या रेघांनी भरलेल्या सावल्या. एक माणूस नाही चित्रात. तुझ्या चित्रांत नसतो, म्हणून माझ्याही नाही.

काका, मला तुझा भयंकर राग आला आहे. शाळा सुटली की दप्तर टाकून मी वरच्या मजल्यावर तुझ्या खोलीत यायचे. बाकीची पोरं खाली हुंदडायची आणि मी शाईचा टाक धरून बसायचे. तू म्हणायचास, आधी रेघ, बाकी सगळं नंतर. ते नंतर काही आलं नाही. तुझ्या पुस्तकाची बाद झालेली पानं तू मला द्यायचास, "यावर सावल्या भर, सराव होईल" म्हणून, आणि मी छपरंच्या छपरं भरून काढायचे. तुला तुझं माझं वेगळं ओळखू आलं नाही की मी आनंदाने नाचायचे. कसला मूर्ख आनंद तो. हात घडतोय असं वाटत होतं, आणि तो साच्यात ओतला जात होता.

दोन वर्षं मी या प्रदर्शनाची वाट बघितली. पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल, बाई म्हणाल्या, पण स्वतःचं काहीतरी आणा. कुठून आणू? तूच सांग. तू मला स्वतःचं काही ठेवलं आहेस का?

टाचणी


१४ जानेवारी

चि. टाचणीस,

आशीर्वाद. माझे नको असतील तर काकूचे म्हणून घे.

तुझं पत्र वाचलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा गुण तुझ्यात लहानपणापासून आहे, तो काही माझ्याकडून घेतलेला नाही. तेव्हा तुझं स्वतःचं असं काहीतरी आहे, ही आनंदाची गोष्ट.

कोण ही परीक्षक बाई? तिने स्वतः शेवटचं चित्र कधी काढलं होतं, ते विचारलंस का? ज्यांना रेघ ओढता येत नाही ते दुसऱ्याच्या रेघेचं कूळ शोधत बसतात. तुझी चित्रं माझ्यासारखी आहेत म्हणजे चांगली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तू तिथे मान वर करून म्हणायला हवं होतंस, हो, घराण्याचा हात आहे. त्याऐवजी जिन्यात रडत बसलीस. लिहिलं नाहीस, पण बसली असणार. मी ओळखतो तुला.

आणि शैली, शैली म्हणून जो टाहो फोडला आहेस! शैली म्हणजे दुकानात टांगलेला सदरा नव्हे, हा आखूड झाला, दुसरा दाखवा म्हणायला. मला माझी सापडली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. माझ्यामागे कोणी काका नव्हता. तुला आयती मिळाली, तर तुझ्या पोटात दुखतंय. खाल्ल्या घरचे वासे मोजायला लागलीस, टाचणे. तुझ्या बापाला वेळ नव्हता, तुझ्या आईला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुझ्या हातात टाक कोणी दिला? शाई सांडलीस तर फरशी कोणी पुसली? काकूने पुसली, पण ओरडा मी खाल्ला.

एक काम कर. तू ज्या कंपनीत पुस्तकांची चित्रं काढतेस, तिथेच माझ्या 'छपरांच्या पुस्तका'ची नवी आवृत्ती निघते आहे, मोठ्या आकारात. मूळ पानं मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे पाठवली. तुझ्या नाकासमोरच्या कपाटात आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. भिंग घे, एकेक पान बघ, आणि मग मला सांग की माझ्यासारखं असण्यात तुझा काय अपमान झाला.

काकू विचारते, जेवतेस ना वेळेवर. मी विचारत नाही.

तुझा काका


२ फेब्रुवारी

ती. काका,

जेवते. काकूला सांग.

मूळ पानं अजून बघितली नाहीत. कपाटाची किल्ली आमच्या व्यवस्थापकांकडे असते आणि ते ती सहजासहजी सोडत नाहीत. आम्ही त्यांना मोजपट्टी म्हणतो, कारण खिशात कायम पट्टी असते आणि माणसाशी बोलतानाही ते त्याला मापून घेत असतात. मागितली आहे. बघतो म्हणाले, म्हणजे आठवडे जातील.

तुझं पत्र आल्यावर मी इतकी पेटले की टाक खणात टाकला आणि कुलूप लावलं. ब्रश घेतला. कोळसा घेतला. एक दिवस तर बोटांनीच रंग फासले. सगळं वाईट झालं. ती घाणेरडी चित्रं बघून इतकी चिडले की पुन्हा टाक काढला आणि रात्रंदिवस तुझ्यासारखं काढत बसले, निदान ते तरी येतं म्हणून. आणि मग मान आखडली. डावीकडची. सकाळी उशीवरून डोकं उचलेना.

मानेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, काम काय करता? चित्रं. मग काढून दाखवा, म्हणाल्या, त्यांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनाने. मी कागद समोर घेतला आणि नेहमीसारखा आडवा फिरवला, कागदाचं डोकं डावीकडे. चित्र सरळ दिसावं म्हणून माझं डोकं डाव्या खांद्यावर. आणि सावली भरायला लागले. बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, कागद सरळ ठेवून का नाही काढत? मी म्हटलं, सरळ ठेवला तर रेघा उलट्या दिशेला पडतात. "मग पडू देत की. तुम्ही उजव्या हाताच्या आहात. तुमच्या रेघा तशाच पडणार."

काका, मी कागद सरळ केला आणि पुन्हा सावली भरली.

तू डावरा आहेस. तुझा हात आपोआप वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे रेघ ओढतो. माझा हात आपोआप त्याच्या विरुद्ध ओढतो. लहान असताना माझ्या रेघा उलट्या पडायच्या आणि तू लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारायचास. मग मला कागद फिरवायची युक्ती सापडली आणि फुल्या थांबल्या. तू मला शाबासकी दिलीस. आठवतंय? मान वाकडी करून बसलेल्या पोरीला तू शाबासकी दिलीस.

आपल्या घरात तुझी ती डावरी कात्री होती. कोणी उजव्या हाताने वापरली की कापड कापायची नाही, चावायची. काकू वैतागायची आणि तू हसायचास, की ज्याची कात्री त्यालाच चालते. एवढं तुला कात्रीच्या बाबतीत कळत होतं. मग माझ्या बाबतीत का नाही कळलं? तू रोज समोर बसून बघत होतास. एकदाही म्हणाला नाहीस, टाचणे, तुझा हात वेगळा आहे, तुझी रेघ वेगळी पडू दे. का?

बाईंनी सांगितलंय, कागद टेबलाला चिकटपट्टीने चिकटवायचा, म्हणजे फिरवताच येणार नाही. तसं करून तीन चित्रं काढली, ती सोबत पाठवते. खालच्या धुलाईच्या दुकानात कपड्यांची वाट बघत बसलेल्या बायका आहेत. मला माहीत आहे, वाईट आहेत.

टाचणी


१० फेब्रुवारी

चि. टाचणीस,

चित्रं वाईट आहेत, हे तूच लिहिलंस ते बरं केलंस. माझा वेळ वाचला.

पहिल्या चित्रातली बाई बाकावर बसली आहे की बाकाला टांगली आहे? दुसऱ्यात रेघा अशा पडल्या आहेत की कोणी घाईत केर काढावा. तिसऱ्यात उजेड डावीकडून. उजेड उजवीकडून यावा, हे तुला मी पहिल्या दिवशी शिकवलं. सगळं सोडून द्यायचं म्हणून हेही सोडलंस? नाचता येईना अंगण वाकडं, आणि आता तर अंगणाला डॉक्टरही मिळाली.

डावा-उजवा हे फाजील लाड आहेत. मला शाळेत डावा हात वापरला म्हणून छड्या बसल्या, तरी मी वापरला. हात ज्याचा त्याने सांभाळायचा असतो. तुला उलट्या रेघा हव्या होत्या तर भांडायचं होतंस. भांडण्यात तू कधीच कमी नव्हतीस.

मूळ पानांचं राहू दे. मी आपलं रागाच्या भरात लिहून गेलो. कागद जुना झाला आहे, कडा तुटतात, उगाच हाताळू नकोस. छापील पुस्तक तुझ्याकडे आहेच, ते बघ. त्या मोजपट्टीलाही मी लिहितो आहे की ती पानं कोणाला देऊ नका.

मान सांभाळ.

काका


१ मार्च

श्री. काका यांस,

स. न. वि. वि.

हो, आजपासून तुम्ही.

तुमचं पत्र मोजपट्टींना पोचायच्या आधीच त्यांनी मला किल्ली दिली होती. तुम्हीच भिंग घेऊन बघ म्हणाला होतात. बघितलं.

आता मी सांगते ते तुम्हाला माहीत आहे, पण ते कोणीतरी कागदावर लिहायला हवं. टाकाची रेघ जिथे सुरू होते तिथे जाड असते, आणि टाक उचलताना बारीक होत शेपूट सुटते. तुमची रेघ वरून सुरू होते, तुमची शेपूट खाली. मी कागद आडवा फिरवून बसायचे, त्यामुळे माझी रेघ खालच्या टोकाने सुरू व्हायची. दिशा तुमचीच, पण माझी शेपूट वर. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. छापील पुस्तकात, त्या बारीक आकारात, तर मुळीच नाही. मूळ पानावर भिंग धरलं की लख्ख दिसतं.

पहिल्या पानावर सगळ्या शेपट्या खाली. दुसऱ्यावरही. तिसरं पान ते कौलांचं, ज्याचं सगळे कौतुक करतात, ज्यात एका छपरामागे दुसरं छप्पर अंधारत जातं. तिथे मागची सगळी छपरं, सगळ्या शेपट्या वर. जिन्याच्या पानावर कठड्याच्या मागचा सगळा अंधार, शेपट्या वर. धुरांड्यांचं पान जवळजवळ अख्खं. एका कोपऱ्यात शाईचा थेंब पडलेला आहे, त्यावरून पांढरा रंग लावून झाकलाय. तो थेंब मी पाडला होता. मी रडले होते आणि तुम्ही म्हणाला होतात, रडू नकोस गं, बादच पान आहे.

बाद पान!

ती बाद नव्हती. तुमच्या हातात काम जास्त होतं आणि घरात एक फुकटचा हात होता. आणि पुस्तकात दोन हात दिसून चालणार नव्हते, म्हणून माझ्या उलट्या रेघांवर फुल्या. मी विचारलं होतं ना, का नाही बोललात? आता उत्तर मिळालं. तुम्ही मला चित्र शिकवत नव्हता. तुम्ही माझा हात तुमच्या हाताला जोडून घेत होता. आणि पुस्तक छापून आल्यावर मी माझ्याच सावल्यांवर बोट फिरवत म्हटलं होतं, काका, मला असं कधी येईल? तुम्ही म्हणालात, सराव कर.

ती परीक्षक बाई म्हणाली, ही तुमच्या काकांची चित्रं. मी तिथे मान खाली घालून उभी राहिले. ज्या सावल्यांची मी नक्कल करते म्हणून मला परत पाठवलं, त्या मीच भरल्या होत्या. चोर तो चोर, वर शिरजोर, असं आपल्याकडे म्हणतात. पण चोराने ज्याच्या घरी चोरी केली त्यालाच चोर ठरवलं, तर काय म्हणतात? तुम्हाला माहीत असेल, म्हणी तुम्हाला पाठ आहेत.

खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, असं लिहिलं होतंत. मोजले. निम्मे माझे निघाले.

आता ऐका. नवी आवृत्ती छपाईला जायला अजून अवकाश आहे. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, पुस्तकावर माझं नाव येईल, तुमच्या नावाखाली, लहान अक्षरांत का होईना. दोन, माझ्या रेघा त्या पुस्तकातून बाहेर काढा. तिसरं काही नाही. मी मोजपट्टींना अजून काहीही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा.

आपली पुतणी


२० मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

काका लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते आहे. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, तेव्हा गोड मानून घे. आणि गोड लागलं नाही तरी मला चालेल, कारण मीही काही गोड मनाने लिहीत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा हे खिडकीशी बसले होते. वाचलं, घडी घातली, चहा नको म्हणाले. मग मी वाचलं. इतकं सगळं लिहिलंस, पण यांना लागलं ते 'तुम्ही'. तीन दिवस तेच, पोरगी मला तुम्ही म्हणते. मी म्हटलं, मग काय आरती ओवाळेल? पोरीच्या हातून काम करून घेतलंत आणि तिला बाद म्हणालात, हे मला आज कळतंय, आणि या घरात मी तुमच्याबरोबर राहते. त्यावर म्हणाले, तुला रेघांतलं काय कळतं. मी म्हटलं, रेघांतलं नाही कळत, पोरांतलं कळतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला कळवून सगळी मूळ पानं परत मागवली. दुरुस्ती करायची आहे म्हणून. आली तेव्हापासून टेबलावर आहेत. नवे कागद घेऊन तुझ्या सावल्यांची पानं पुन्हा पहिल्यापासून काढतायत, सगळी, स्वतःच्या हाताने. सकाळी बसतात ते दिवे लागेपर्यंत. तुझं नाव घालायचं सोपं होतं. एक ओळ लिहायची होती. मी तसं म्हटलंही. म्हणाले, ती म्हणते ना बाहेर काढा, काढतो.

आता हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय, म्हणून सांगते. त्यांचा हात कापतो. गेल्या वर्षापासून. पेला धरताना दोन्ही हात लावतात. कोणाला कळू नये म्हणून बाहेर चहा घेत नाहीत. नवं काम घेतलेलं नाही, ते काही हौस म्हणून नव्हे. रेघ ओढताना डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने धरतात. एक छप्पर भरायला अख्खी सकाळ जाते, आणि झालं की बघतात आणि फाडतात. मग पुन्हा.

मी हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तू रागाव, तुझा हक्क आहे, मीही रागावले आहे. पण कोणावर रागावते आहेस ते नीट बघून रागाव, एवढंच म्हणणं. तू गेल्यावर त्यांची खोली मी एकटीने झाडते. तुम्हा दोघांच्या शाईचे डाग फरशीवरून अजून गेलेले नाहीत. कोणता कोणाचा मलाही सांगता येणार नाही, आणि पुसले मात्र सगळे मीच.

काकू


११ एप्रिल

टाचणे,

तुझ्या रेघा बाहेर काढल्या. नवी पानं कंपनीकडे परस्पर पाठवली आहेत. आता त्या पुस्तकात जी रेघ आहे ती माझी आहे, शेपटीसकट. भिंग लाव, हवं तर दुर्बीण लाव.

नाव दिलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने पुतणीच्या जिवावर नाव कमावलं. ते मला ऐकायचं नाही. खरं असलं तरी ऐकायचं नाही. तुला हे आवडणार नाही. तुला आवडावं म्हणून मी काही करत नाही आणि केलंही नाही.

काकूने तुला काहीबाही लिहिलं असेल. माझा हात ठणठणीत आहे.

जुनी पानं वेगळ्या पुडक्यात तुझ्या पत्त्यावर पाठवतो आहे. आता खरीच बाद झाली. सराव कर.

काका


२ मे

ती. काका,

पुडकं मिळालं. बाद पानं मोजून घेतली, सगळी आहेत. त्यावर सराव करणार नाही. धुरांड्यांचं पान भिंतीला लावलं आहे, थेंबासकट. बाकीची पलंगाखाली आहेत.

तुझी नवी पानं आमच्याकडे आली त्या दिवशी मोजपट्टींनी मला बोलावलं. टेबलावर पानं मांडली होती, आणि ते पट्टी हातावर आपटत उभे होते. म्हणाले, काय झालंय हे? रेघ हलते आहे. सरळ नाही, सारखी नाही, हे छापायचं कसं? मग आवाज खाली आणून म्हणाले, तुझा हात अगदी त्यांच्यासारखा आहे, सगळेच म्हणतात. तू हे मागच्यासारखं करून दे. त्यांना कळवायची गरज नाही.

काका, मला हसू यायला हवं होतं. पण मला इतका संताप आला की मी टेबलाचा कोपरा धरला. पुन्हा तेच. पुन्हा कोणीतरी कागद माझ्यासमोर सारतंय, वर नाव तुझं आणि सावल्या माझ्या, आणि कोणाला सांगायचं नाही. माझ्या मानेला सगळं आठवलं. कागद आडवा कसा फिरवायचा, डोकं कुठे टेकवायचं. एका आठवड्यात करून दिलं असतं, आणि कोणाला भिंगातूनही कळलं नसतं, मी शेपट्यासुद्धा खाली काढल्या असत्या.

मी म्हटलं, "माझा हात त्यांच्यासारखा होता. आता नाही."

ते ऐकेनात. मग मी भांडले. तू लिहिलं होतंस ना, भांडायचं होतंस म्हणून. साहेबांशी इतक्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते. आख्खा मजला ऐकत होता. मी म्हटलं, रेघ हलते कारण हात हलतो, आणि हात त्यांचा आहे. सगळी पानं जशी आली तशी छापा. कोणी बोट लावलं, मग मी असो की आणखी कोणी, तर मी परीक्षक बाईंपासून सगळ्यांना सांगेन की या पुस्तकात कोणाकोणाचा हात आहे. काय सांगणार ते त्यांना कळलं नाही, पण घाबरले. पट्टी खिशात गेली. पानं तशीच छपाईला गेली.

नंतर मी ती कौलं पाहिली, एकटीने. मागची छपरं आता अंधारत जात नाहीत, थरथरतात. लोक म्हणतील, पूर्वीचं पुस्तक बरं होतं. म्हणू देत. तुला ते ऐकावं लागेल आणि तू ते ऐक. त्याखाली एकच नाव आहे आणि पहिल्यांदाच ते खरं आहे.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही तेही माहीत नाही, तेव्हा काकूकडून विचारत राहू नकोस. प्रदर्शनासाठी पुढच्या वर्षीही चित्रं देणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षी बघेन. माझी उलटी रेघ तू फुली मारलीस तेव्हा जेवढी होती तेवढीच अजून आहे, एखाद्या शाळकरी पोरीची असावी तशी. तिला मोठं व्हायला वेळ लागेल, आणि मला घाई नाही. मान मात्र आता सरळ आहे.

सोबत एक चित्र आहे. धुलाईच्या दुकानातली तीच बाई, यावेळी बाकावर नीट बसलेली. लाल पेन्सिल लावणार असशील तर लाव, तुझा स्वभाव आता काय बदलायचा. फक्त उजेडावर फुली मारू नकोस. तो डावीकडून आलाय. माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे.

टाचणी